जोडेवाल्याची जागा

३ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र जीपवाल्याने कालच आणून दिलं. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावली आहेस. अगं, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद तरी मध्येच तोंड घालत नाही.

आता साबण करायला शिक म्हणतेस, त्याचं. नाही म्हणजे नाही. तुमच्या संस्थेने आधी इथल्या बायकांना मेणबत्त्या शिकवल्या, आठवतंय ना? छावणीतल्या प्रत्येक घरात मेणबत्त्याच मेणबत्त्या झाल्या आणि पुढच्याच महिन्यात तुम्हीच विजेचे खांब उभे केलेत. त्याआधी थंडीत माणसं कुडकुडतात म्हणून घरोघरी स्पंजाच्या गाद्या वाटल्यात. चांगलं केलंत, पुण्य लागेल. पण या छावणीत कापूस पिंजून गाद्या भरणारी एक बाई राहते, ती तुझी सख्खी मावशी आहे, आणि आता तिच्याकडे कुणी उशीसुद्धा शिवायला टाकत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझं पिंजण भिंतीला टांगलंय आणि मी दुकानात माश्या मारत बसते. तुझे काका असते तर म्हणाले असते, आयजीच्या जिवावर बायजी उदार.

तू लिहितेस, मावशी, एकाच धंद्यावर विसंबून राहू नकोस, जोडीला दुसरं काहीतरी धर. हे मलाही कळतं गं. पण साबण आणखी चाळीसजणी करणार. एकमेकींना विकून पोट भरतं का?

इथे खरी अडचण कशाची आहे ते बघायला खाली मान घालावी लागते. माणसांच्या पायांकडे बघ. कुणाच्या चपलेला तार बांधलीय, कुणाच्या चपलेला सुतळी. पोरं एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलतीच घालून शाळेला जातात. दाभण माझ्याकडे आहे, जाड दोरा आहे, बोटांत जोर आहे. पण आमच्या दुकानांच्या ओळीत चपला कुणी शिवत नाही आणि शिवायच्या नाहीत, हे तुला ठाऊकच आहे.

तू तेव्हा लहान होतीस, म्हणून पुन्हा सांगते. गाव सोडून आपण सगळे निघालो तेव्हा पुलाशी आल्यावर जोडेवाला मागे वळला. हत्यारं राहिली म्हणाला, घेऊन येतो, तोवर माझी जागा धरून ठेवा. मग इथे दुकानांची ओळ मिळाली तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याचा गाळा रिकामा ठेवला. तो येईपर्यंत त्याच्या कामाला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. त्याची आई रोज तिथे जाऊन बसते. आम्ही पाळीपाळीने झाडून देतो. पोरं मोठी झाली, काहींची लग्नं झाली, जोडेवाला काही आला नाही.

मी चपला शिवायला बसले तर पाप लागेल का गं? संस्थेच्या भाषेत नको सांगूस. तुला काय वाटतं ते सांग.

तुझी मावशी


११ फेब्रुवारी

मावशी,

पाप कसलं? मला तर पत्र वाचून उड्या माराव्याशा वाटल्या. आमच्याकडे बैठकांवर बैठका होतात, ‘उपजीविकेत वैविध्य’ असं भिंतीवर मोठ्ठं लिहिलंय, आणि एवढी साधी गोष्ट एकाच्याही लक्षात आली नाही. अख्ख्या छावणीच्या चपला तुटलेल्या आणि शिवणारं कुणी नाही! याहून चांगला धंदा तुला कुठला मिळणार?

जोडेवाल्याची मला फार आठवण नाही. एकदा माझ्या बुटाची नाडी बांधताना त्याने शीळ वाजवली होती, एवढंच आठवतं. चांगला माणूस होता. पण मावशी, इतकी वर्षं झाली. एका माणसासाठी सगळ्यांनी अनवाणी चालायचं हे कुठलं प्रेम?

तुझ्यासाठी हत्यारांची पेटी मंजूर करून घेतलीय, पुढच्या जीपने येईल. आरी, रापी, लहान हातोडी, मेण, सगळं आहे. ओळीतले लोक कुरकुर करतील. करू देत. तूच मला शिकवलंस ना, ऐकावं जनाचं करावं मनाचं? आणि तो गाळा रिकामाच आहे म्हणतेस. त्याचं काय करता येतं तेही मी बघते.

जेवत जा वेळेवर. एकटीसाठी कशाला चूल पेटवायची म्हणून चहावर भागवतेस, मला माहीत आहे.

तुझी चिमणी


२६ फेब्रुवारी

चिमणे,

पेटी मिळाली. सुरुवात केली. आणि पहिल्याच घासाला खडा लागला. सांगते. हसलीस तरी चालेल, मीही हसले, पण नंतर.

पहिलं गिऱ्हाईक चहावाला. दिवेलागणीला इकडेतिकडे बघत आला आणि चोरीचा माल काढावा तशा पिशवीतून चपला काढल्या. म्हणाला, गादीवाली, कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, मी लपून काही करत नाही, तुला लाज वाटत असेल तर तू जा. पण चपला ठेवून गेला.

आता मला येतं काय? गादी येते. मी आपली दाभण घेतली आणि गादीला घालते तसे लांब लांब टाके घातले, मध्ये मध्ये गाठी मारल्या. वर शहाणपण सुचलं की दिवसभर उभा असतो बिचारा, पायाला मऊ लागेल, म्हणून दोन तळांच्या मध्ये चांगला पिंजलेला कापूस भरला. घालून बघितल्यावर तो खूश! ढगात चालल्यासारखं वाटतंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरायला गेला. कापूस पाणी प्यायला आणि चपला फुगल्या टम्म, उंदीर गिळलेल्या मांजरासारख्या. पाऊल टाकलं की फच्च, पाऊल टाकलं की फच्च. सगळी रांग हसायला लागली आणि कुणी शिवल्या ते पाच मिनिटांत छावणीभर झालं.

हसणं थांबल्यावर कुलूपवाल्याने सभा बोलावली. आमच्या ओळीचा तोच पुढारी, मिशा कुरवाळल्याशिवाय बोलत नाही. म्हणाला, वहिनी, उद्या मी कुलूपं सोडून दाढ्या करायला लागलो तर न्हाव्याने कुठे जायचं? आपण इथे टिकलो ते एकमेकांच्या ताटात हात घातला नाही म्हणून. मी म्हटलं, भाऊ, न्हावी तुमच्यासमोर बसलाय, जिवंत आहे, त्याच्या ताटात घास आहे. हे ताट कुणाचं आहे? सगळे जोडेवाल्याच्या गाळ्याकडे बघायला लागले. असं उघड कुणी कधी बोललं नव्हतं ना.

मग म्हातारी उठली. जोडेवाल्याची आई. ओळीतले सगळे तिला आईच म्हणतात. माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “तू माझ्या पोराला मारलंस.”

चिमणे, मी तशीच उठले. घरी आले आणि हुंदके देऊन रडले. तुझे काका गेले तेव्हा सुद्धा इतकी रडले नव्हते, तेव्हा तू लहान होतीस आणि रडायला सवड नव्हती.

आता चहावाला मला चहा देत नाही. त्याच चपला घालून फच्च फच्च करत समोरून जातो आणि मान फिरवतो! नळावर माझी कळशी मागे सारतात. सारा म्हणावं. सकाळी उठले, दुकान उघडलं, पेटी मांडली आणि पुढ्यात एक पाटी लावली: इथे चपला शिवून मिळतील. मी चोरी करत नाहीये. पोट माझं आहे आणि पाय त्यांचे आहेत.

पण कापूस भरायचा नाही, एवढं शिकले.

मावशी


९ मार्च

मावशी,

पत्र वाचून अंगाची लाही लाही झाली. तुला चहा देत नाही? ज्या बाईने वाटेत स्वतःची चादर फाडून त्याच्या पोराला गुंडाळलं होतं, तिला?

पण आता बघच. आनंदाची बातमी आहे. मी मोठ्या साहेबांना टिपण दिलं की ओळीतला एक गाळा वर्षानुवर्षं वापराविना पडून आहे आणि एक गरजू, कष्टाळू व्यावसायिक महिला तिथे दुसरा धंदा सुरू करायला तयार आहे. साहेबांनी लगेच मान्य केलं! तो गाळा तुझ्या नावावर होतोय. हुकूम या जीपबरोबरच येतोय, ओळीच्या खांबावर चिकटवतील. महिनाअखेरपर्यंत तुला गाळा चालू करायचा आहे. कुणी चालवला नाही तर तो बाहेरच्या ठेकेदाराला तयार मालाच्या दुकानासाठी जाईल. पण तशी वेळ येणार नाही, तू आहेस ना!

आता कोण तुझी कळशी मागे सारतो ते मला कळव.

तुझी चिमणी


१४ मार्च

भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, ते आज मला माझ्याच पोरीला म्हणायची वेळ आली.

हुकूम वाचला. सगळ्यांनी वाचला. कुलूपवाल्याने मोठ्याने वाचून दाखवला आणि शेवटी माझं नाव आलं तेव्हा माझ्याकडे नुसतं बघितलं. इतके दिवस मी मान ताठ ठेवून सांगत होते की मला कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नाही. आता सगळ्यांना वाटतंय, ही आधीपासून गाळ्यावरच टपून होती, भाचीला संस्थेत घुसवलीय ती याचसाठी. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

अगं बये, मी काम मागितलं होतं. जागा कुणी मागितली? काम सगळ्यांचं असतं, ज्याला येईल त्याने करावं. मी ते माझ्या दुकानात बसून करीन, पिंजणाखाली बसून करीन. पण ती जागा त्याची आहे. “धरून ठेवा” म्हणाला आणि आपण हो म्हणालो. मीसुद्धा हो म्हणाले होते. चपला शिवल्याने तो मरत नाही, पण त्याच्या जागी मी बसले तर मरतो. एवढा फरक तुला कळू नये? शिकून काय केलंस मग?

म्हातारी आज सकाळपासून गाळ्याच्या उंबऱ्यात आडवी झोपून आहे. माझ्या अंगावरून जा म्हणते.

तू माझ्यासाठी भांडलीस, मला कळतं. पण विचारायचंस तरी. लांबून कुणाचं भलं करायला निघालं की असंच होतं, उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा. हुकूम मागे घे. काय वाटेल ते कर, पण मागे घे.

मावशी


२२ मार्च

मावशी,

चुकलं. लांबण लावत नाही.

पत्र वाचलं तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, हुकूम रद्द करा, माझं टिपण चुकीचं होतं. ते म्हणाले, दुकानं भावनांवर चालत नाहीत, रिकामा गाळा म्हणजे वाया गेलेला पैसा, तुझी मावशी नको म्हणत असेल तर ठेकेदार तयारच आहे. ताब्याच्या कागदावर माझी सही हवी होती. मी केली नाही. ते म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केला. जन्मात पहिल्यांदा कुणाला असं तोंडावर नाही म्हटलं. आता मला गोदामात घोंगड्या मोजायला बसवलंय. वाईट वाटून घेऊ नकोस. इथे कुणी बैठक घेत नाही, हेही सुख आहे.

पण माझ्या सहीवाचून काही अडलं नाही. तीस तारखेला एक साहेब गाळा बघायला येणार आहेत. तिथे कुणी धंदा करताना दिसलं नाही तर त्याच दिवशी ठेकेदाराचं कुलूप लागेल. मावशी, तू त्या एका दिवसापुरती तिथे बसलीस तर? फक्त दाखवायला? ठेकेदारापेक्षा ते बरं नाही का?

तू नाहीच म्हणशील. तरी विचारलं. मला फार भीती वाटतेय, हे सगळं मी ओढवून आणलंय.

चिमणी


२ एप्रिल

चिमणे,

आधी हे ऐक. सही केली नाहीस ते वाचून मी पत्र छातीशी धरलं आणि ओळीभर हिंडले. कुलूपवाल्यालाही वाचून दाखवलं. “घोंगड्या मोजतेय का पोर,” एवढंच म्हणाला, पण त्या दिवसापासून माझी कळशी नळावर कुणी हलवली नाही.

नाटकाला बसणार नाही हे तू ओळखलंसच. मी माझ्याच दुकानात, माझ्याच पाटीखाली शिवत बसले होते. तोवर गिऱ्हाइकं येऊ लागली होती, लाजत लाजत का होईना. माझे टाके मात्र चार दिवसांत उसवायचे. एका दुपारी मान वर करून बघते तर म्हातारी गाळ्याचा उंबरा सोडून समोर उभी. मला वाटलं, आता पेटी रस्त्यावर भिरकावते. तिने माझ्या हातातला जोडा ओढून घेतला, उलटा केला, नाकाशी धरला आणि म्हणाली, “गादी शिवतेस की जोडा? कुणी शिकवलं तुला हे? माझं पोर आलं आणि त्याने हे बघितलं तर थुंकेल तुझ्यावर!”

मी म्हटलं, मग तुम्ही शिकवा. थुंकायला तुमच्या पोराला काही शिल्लक राहायला नको.

बाई बसली ना खाली! तिच्या बापाचा आणि नवऱ्याचा हाच धंदा होता, हे आम्ही सगळे कधीच विसरून गेलो होतो. तिला आम्ही फक्त कुणाची तरी आई करून ठेवलं होतं. आधी आरीने भोकं पाड. दोऱ्याला मेण लाव. दोन्हीकडून ओढ. असं नाही, मुली, असं! इतकं तर मला सासूनेही फटकारलं नव्हतं. रोज यायची, रोज शिव्या घालायची, आणि हळूच एक एक जोडा स्वतःकडे ओढून घ्यायची. त्याच्याबद्दल आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही.

तीस तारखेला साहेब आले, ठेकेदाराचा माणूस मोठं कुलूप घेऊन मागे. सगळी ओळ गाळ्यासमोर उभी राहिली. मला वाळीत टाकणारे सगळे, चहावाल्यासकट. कुलूपवाला म्हणाला, साहेब, ही जागा भरलेली आहे. साहेब म्हणाले, कुठे आहे मालक? येणार आहे. कधी? यावर कुलूपवाल्याने मिशीला हात लावला आणि हात तिथेच राहिला. साहेबांनी त्या माणसाला खूण केली.

माझ्या दुकानातून म्हातारी उठली. मांडीवर अर्धा शिवलेला जोडा होता, तो तसाच हातात धरून रस्ता ओलांडून आली, माणसांना कोपराने बाजूला करत. गाळ्यात शिरली. उंबऱ्यात नाही बसली हं, रोज बसायची तशी. आत जाऊन मधोमध, जिथे कारागिराने बसायचं तिथे बसली आणि टाका घातला.

“लिहा,” म्हणाली. “जोडेवाली. गाळा माझा, धंदा माझा. बारकं सारकं काम बघायला ही गादीवाली आहे. सकाळी तिच्या गाद्या, दुपारी माझे जोडे.”

कुलूपवाला रडवेला झाला. “आई, अहो, ही तर त्याची जागा.”

“होती,” म्हातारी म्हणाली. “मी त्याची आई आहे. त्याची वाट बघायची ती मी बघीन. पण रिकाम्या हाताने बघणार नाही, आणि या मेल्याला इथे कुलूप तर मुळीच लावू देणार नाही.”

साहेब थोडं हे बोलले, थोडं ते बोलले. नियमात चालवणारा हवा होता, चालवणारी समोर बसली होती आणि तिच्यापुढे तोवर रांगही लागली होती, कारण सगळ्या ओळीने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या. लिहून घेतलं आणि गेले. ठेकेदाराचा माणूस आपलं कुलूप घेऊन मागून गेला. पोरांनी त्याला जीपपर्यंत सोडलं, ओरडत ओरडत. मीही ओरडले, वयाला शोभलं नाही तरी.

तुझ्या भिंतीवरच्या त्या मोठ्या शब्दासाठी सांगते. चहावाला आता छत्र्यांच्या काड्या बसवून देतो. न्हाव्याने कात्र्यांना धार लावायला सुरुवात केलीय. कुलूपवाला पिशव्यांच्या चेन दुरुस्त करतो, पण तसं म्हटलेलं त्याला आवडत नाही, हेही एक प्रकारचं कुलूपच आहे म्हणतो. कुणी कुणाच्या ताटात हात घातला म्हणून सभा झालेली नाही. गोदामातून सुटलीस की साहेबांना हे सांग, आणि साबणाचं सामान परत घेऊन जायला सांग.

आता शेवटचं. त्या दिवशी संध्याकाळी आवराआवर झाल्यावर म्हातारीने कुलूपवाल्याकडे एक कुलूप मागितलं. त्या गाळ्याला इतक्या वर्षांत कुलूप लागलं नव्हतं. अपरात्री आला तर बाहेर उभा राहायला नको म्हणून दार नेहमी नुसतं लोटलेलं असायचं. पण आता आत लोकांचे जोडे होते. त्याने त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं कुलूप काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, किल्ल्या किती करू?

“दोन,” ती म्हणाली. “एक मला, एक हिला.”

तो तिथेच घुटमळला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “आणि तिसरी, आई?”

म्हातारीने कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं.

“लागली तर तेव्हा कर,” म्हणाली, आणि माझा हात धरून घरी निघाली.

तुझी मावशी